यादीबाहेरचे यंत्र

माझ्या लॅपटॉपला कोणताही आजार नव्हता. हे आरंभीच नोंदवून ठेवतो, कारण पुढे जे घडले त्याचा ठपका त्याच्यावर ठेवणे सर्वांनाच सोयीचे गेले. बारा वर्षांपूर्वी एका थंड देशात मी वर्षभर पाहुणा अध्यापक होतो, तेव्हा तो घेतला. त्यावर दोन ग्रंथ लिहिले, एकोणीस प्रबंध तपासले आणि विद्यापीठाच्या कुलसचिवांशी तीन वर्षे पत्रव्यवहार केला. एवढे सहन करूनही तो चालत होता. पाच वर्षांपूर्वी तो बनवणाऱ्या कंपनीने एक यादी प्रसिद्ध केली. नवी सिस्टिम ज्यांवर चालेल अशा यंत्रांची ती यादी होती आणि माझे यंत्र तीत नव्हते. नवी सिस्टिम त्याला पेलणार नाही असे कोणी सिद्ध केले नव्हते. ती त्याने पेलावी असे कोणाला वाटत नव्हते, एवढेच. चाळीस वर्षे इतिहास शिकवताना मी अशा पुष्कळ याद्या वाचल्या होत्या. यादीत नसलेल्यांचे काय झाले हे यादी करणारे कधीच लिहीत नाहीत. ते शोधण्याचा पगार माझ्यासारख्यांना मिळतो.

तशाच एका यादीमुळे १९५८ साली आम्हाला लॉरीत बसवले गेले. नदीवर धरण झाले होते, पाणी चढत होते, आणि आम्हा टोंगा लोकांची गावे एकामागून एक उचलून माळावर टाकली जात होती. आमच्या गावाला चिबिला टेकडीवर उतरवले. मी चार वर्षांचा होतो, माझी बहीण काही महिन्यांची. पहिल्याच कोरड्या ऋतूत त्या टेकडीवर एकतीस माणसे मेली. वाईट पाणी, अनोळखी कंदमुळे आणि कोणी नाव न दिलेला एक ताप. त्यांना तिथेच पुरले. आमची आई त्यांच्यात होती. बुडालेल्या गावातले पावसाचे ठाणे, पितरांकडे पाऊस मागायची जागा, मग त्या थडग्यांच्या शेजारी नव्याने मांडले गेले, कारण ओळखीचे पितर आता फक्त तिथेच होते.

या वर्षी मे महिन्यात एका पर्यटन कंपनीने चिबिला टेकडी नव्याण्णव वर्षांच्या भाडेपट्ट्याने मागितली. तिथून सरोवर फार सुंदर दिसते. सरकारी नोंदीत टेकडी 'रिकामी' होती. हरकत घ्यायला तीस दिवस दिले होते. शेवटचा दिवस गुरुवार, संध्याकाळी पाचपर्यंत, आणि हरकत फक्त पोर्टलवरून.

मी कागद घेऊन तालुक्याच्या कचेरीत गेलो होतो. तिथला अधिकारी माझा कधीकाळचा विद्यार्थी निघाला. विद्यार्थी अधिकारी होणे ही अध्यापकाची सर्वांत लांब पल्ल्याची शिक्षा आहे.

"बा प्रोफेसर, कागद घ्यायची सोयच ठेवलेली नाही," तो मानाचा 'बा' लावून अदबीने म्हणाला. "शिक्का मारा म्हणालात तर मारतो. पण मारून तो पाठवू कुठे?"

पोर्टलवर हरकत द्यायची तर सहीचा एक प्रोग्रॅम लागे. तो फक्त नव्या सिस्टिमवर चाले. सही एकाच यंत्राशी बांधली जाई. यंत्र बदलायचे तर कामाचे चौदा दिवस. निकालही त्याच यंत्रावर उघडे. शाळेतले चार संगणक माझ्या यंत्रापेक्षाही म्हातारे होते. चोमा शहरातल्या दुकानातल्या संगणकाशी सही बांधायची, तर निकाल लागेपर्यंत तो संगणक कवटाळून बसावे लागले असते. राहिला माझा, यादीबाहेरचा.

म्हणून शेवटच्या आठवड्यातल्या रविवारी चोम्याहून हामवेम्बाला बोलावले. जुन्या यंत्रांना नव्या सिस्टिमा चढवण्यात त्याचा हात धरणारा आमच्या प्रांतात कोणी नाही. त्याचा एकच दोष होता, आणि तो जन्मजात होता: तो तरसांच्या कुळातला. आम्ही शेळ्यांच्या.

आमच्याकडे अशी कुळे एकमेकांची थट्टेकरी असतात. तरस शेळीला वाटेल ते बोलू शकतो आणि शेळी तरसाला. राग मानणे हा गुन्हा. मयताच्या घरी सगळे रडत असतात तेव्हा थट्टेकरी येऊन प्रेताची टर उडवतो, आणि त्यामुळेच घर पुन्हा श्वास घेऊ लागते. थट्टेकऱ्यापुढे वयाचा मान नाही, पदाचा नाही. पस्तिशीचा हामवेम्बा मला, सत्तरी ओलांडलेल्याला, 'तू' म्हणे आणि 'मुदाला', म्हणजे म्हाताऱ्या, अशी हाक मारी. या रीतीवर मी एकेचाळीस तळटीपांचा लेख लिहिलेला आहे. तिचा सर्वांत महत्त्वाचा नियम त्यात पहिल्याच पानावर आहे: थट्टेकऱ्याचे बोलणे कोणी खरे धरत नाही.

हामवेम्बा अंगणातल्या आंब्याखाली बसला, लॅपटॉपचे झाकण उघडून त्याने आत हुंगल्यासारखे केले.

"मुदाला, याच्यात धूळ नाही, अख्खं शेत आहे. आत मका पेरला होतास का?"

"हुंगून झालं असेल तर काम कर," माझी बहीण म्हणाली. तिला सारे गाव बिना लुयांडो म्हणते, लुयांडोची आई. पावसाच्या ठाण्याची राखण आता तिच्याकडे आहे. "तरसाला नुसता वास पुरतो म्हणतात."

"वासावरूनच कळलं शेळ्यांच्या घरी आलोय ते."

तो दोन दिवस राहिला. मक्याच्या पिठाची न्सिमा आणि सुके कापेंटा मासे खाताना तो आम्हाला त्याची विद्या समजावी. यंत्र सुरू होताना सिस्टिम त्याला विचारते, तू कोण. तेव्हा हामवेम्बाने चढवलेला छोटा प्रोग्रॅम मध्येच उभा राहून सांगतो की हे यंत्र सात वर्षांनी तरुण आहे.

"म्हणजे खोटं बोलतो," बिना लुयांडो म्हणाली.

"वय लपवतो. तू नाही का लपवत?"

"मी लपवलं तरी माझे गुडघे सांगतात."

"तसंच याचंही. याचं वायफाय आणि चित्र दाखवणारा भाग, हे दोन्ही नव्या सिस्टिमने टाकून दिलेत. जुन्या सिस्टिममधून काढून मी ते आत शिवलेत. टाके घट्ट आहेत. पण नवीन अपडेट आलं की सगळे टाके उसवतात." त्याने पडद्याच्या कोपऱ्याकडे बोट केले. "इथे लाल टिकली येईल. तिला हात लावायचा नाही."

"का? तिथे हाड पुरून ठेवलंयस?"

"हात लावलास तर मशीन मरेल, बिना लुयांडो."

"बरंच की. तरसाला मेलेलंच लागतं."

मी हसलो. शेजारच्या दोघी बाया शेंगा सोलत बसल्या होत्या, त्याही हसल्या. हामवेम्बाने हात जोडून आवाज उतरवला. "आता मी मस्करी करत नाही," तो म्हणाला, आणि त्या बाया शेंगांच्या टोपलीवर ओणव्या होऊन हसू लागल्या, कारण आमच्याकडची प्रत्येक उत्तम मस्करी याच वाक्याने सुरू होते. तो जितका गंभीर झाला तितका तो अधिक तरबेज वाटला. "मुदाला, तू तरी शिकलेला आहेस," तो माझ्याकडे वळून म्हणाला. मी म्हणालो, "शिकलेली शेळीही तरसाचा सल्ला घेत नाही." मग तोही हसला. काय करणार? त्याच्या आईच्या पोटातून तो ज्या भूमिकेत आला होता, तिच्यातून बाहेर येऊन बोलण्याची जागाच आमच्या अंगणात नव्हती.

सोमवारी संध्याकाळी सही बांधून झाली. माझ्या फोनच्या वायफायवरून पोर्टल उघडले, माझे नाव हिरव्या अक्षरांत आले. हामवेम्बाने मजुरी घेतली नाही. थट्टेकऱ्याच्या हक्काने माझी चांगली टोपी उचलली, डोक्यावर ठेवली आणि बस पकडली.

मी सोमवारीच हरकत पाठवू शकलो असतो. माझ्याजवळ बासष्ट पाने तयार होती: वसाहती काळातला पत्रव्यवहार, तीन नकाशे, सात म्हाताऱ्यांच्या साक्षी, थडग्यांची मोजमापे. पण एका पत्राचा दप्तर क्रमांक मला पटत नव्हता आणि दोन तळटीपा एकमेकींना छेद देत होत्या. शत्रूच्या वकिलाला फट मिळू नये, असे मी स्वतःला सांगितले. शत्रूला वकील लागणारच नव्हता, हे मला कळायला हवे होते. ज्यांच्याकडे मुदत असते त्यांना युक्तिवाद लागत नाही. मंगळवार तळटीपांत गेला, बुधवारी मी फीत घेऊन टेकडीवर थडगी पुन्हा मोजायला गेलो.

बुधवारी सहाला वीज जाणार होती. भारनियमनाच्या तक्त्याप्रमाणे आमचा गट 'क', म्हणजे दिवसातून सात तास वीज, तीही तुकड्यांनी. अचानक वीज गेली की यंत्रे जळतात, म्हणून आमच्या भागात सगळेजण आधीच सारे नीट बंद करून ठेवतात. लहान पोरांनाही ते वळण आहे. मी टेकडीवर, तेव्हा साडेपाचच्या आधी बिना लुयांडोनेच लॅपटॉप बंद करायला घेतला. माझा पासवर्ड तिला ठाऊक होता. यंत्राने तिला विचारले: अपडेट करून बंद करायचे का?

मी परतलो तेव्हा ती न्सिमा घोटत होती. "तुझ्या तरसाच्या टिकलीला हात लावला मी," ती खुशीत म्हणाली. "अर्धा तास गुरगुरलं नि गप झोपलं. काही मेलंबिलं नाही. सांग त्याला."

"फोन करून सांगतो," मी म्हणालो आणि हसलो. हे दुसरे हसणे मी विसरू शकत नाही. पहिल्याला रीतीचा तरी आधार होता.

गुरुवारी सकाळी आठला वीज आली. यंत्र सुरू झाले, पण चित्र असे सरकत होते की जणू कोणी ते चिखलातून ओढत होते. बाण हलवला की तो दोन श्वासांनी हले. वायफायच्या खुणेवर फुली होती. मी हामवेम्बाला फोन लावला.

"सकाळी सकाळी शेळी बें बें करतेय," तो म्हणाला. "टोपी परत मिळणार नाही."

मी सांगितले.

"मी सांगितलं होतं," तो म्हणाला.

"तू सांगितलं होतंस. तू सांगितलंस हीच अडचण झाली."

"हं."

"टाके पुन्हा घालता येतील?"

"येतील. ते इंटरनेटवरून उतरवून घ्यावे लागतात."

"आणि इंटरनेट?"

"टाके घातले की मिळेल."

विहिरीत पडलेल्याला दोर विहिरीच्या तळाशीच ठेवलाय असे सांगणारी व्यवस्था मी ग्रंथांतून पाहिली होती. ती इतक्या स्वच्छ शब्दांत कोणी मांडली नव्हती.

"फोनची वायर लावून?" मी विचारले.

"तुझा फोन आणि ते मशीन एकमेकांना ओळखत नाहीत. ओळख करून देणारा प्रोग्रॅमही इंटरनेटवरच आहे. थांब, मुदाला. मशीनच्या डाव्या बाजूला रुंद भोक आहे बघ, चौकोनी. वायरने इंटरनेट घ्यायचं. नव्या मशीनना ते ठेवलेलंच नाही, पण तुझ्याला आहे आणि ते अजून चालतं. वायरचं इंटरनेट जवळ कुणाकडे आहे?"

सव्वीस किलोमीटरवर सरोवराकाठी मासेमारी संस्थेचे बर्फघर होते. तिथे वायर होती.

"तिथे जा. दुरुस्त करत बसू नका. लंगडतंय तसंच घेऊन जा, हरकत टाका आणि परत या. मी इथून निघालो तरी संध्याकाळ होईल."

आमच्या गावाहून त्या बाजूला दिवसाला एकच लॉरी जाते आणि ती भरल्याशिवाय हलत नाही. आम्ही नऊ वाजता पुढे बसलो. बिना लुयांडोने लॅपटॉप कापडात गुंडाळून मांडीवर घेतला होता, तान्हे मूल घ्यावे तसा. मला तो तिच्याकडून काढून घ्यावासा वाटला, आणि तसे वाटल्याची लाज वाटली. लॉरी साडेअकराला निघाली. अर्ध्या वाटेवर चाक बदलावे लागले. सबंध वाटेत ती एकदाच बोलली.

"तू तरी हसायला नको होतंस."

"हो."

"मी बाई दुसरं काय करणार होते? तरस म्हणतो नको करू, तर शेळी करणारच."

"मला ठाऊक आहे. मी त्यावर लेख लिहिलाय."

"मग तो लेख काय कामाचा?" तिने विचारले. प्रश्न खोचक नव्हता. तिला खरेच जाणून घ्यायचे होते.

दोनला आम्ही पोचलो. बर्फघर अंधारात होते. व्यवस्थापिका बाई, नामूंगा नावाच्या, दारात खुर्ची टाकून पुठ्ठ्याने वारा घेत होत्या. आतून वितळणाऱ्या बर्फाचे पाणी उंबऱ्याखालून अंगणात येत होते.

"वीज नाही," त्या म्हणाल्या. "आमचा गट 'ख'. चारला येते. चारला म्हणजे साडेचारला."

"आणि इंटरनेट?"

"ते काय बर्फावर चालतं? वीज आली की तेही येईल. बसा, प्यायला मक्याचं चिब्वान्टू देते. आंबट झालंय, पण गार आहे. एवढं तरी बर्फघरात गार हवं."

आम्ही बसलो. माझ्या यंत्राची बॅटरी अकरा मिनिटे टिकते, म्हणून ते उघडूनही बघता येत नव्हते. अंगणावरून धरणाच्या विजेच्या तारा जात होत्या, सहा जाड तारा, उंच मनोऱ्यांवरून खाणींच्या दिशेने; वारा पडला की त्यांची गुणगुण स्पष्ट ऐकू येई. सदुसष्ट वर्षांपूर्वी ज्यांच्यासाठी आम्हाला हलवले त्या तारा ह्याच. त्यांतली वीज आमच्या डोक्यावरून अखंड जात होती आणि खाली आम्ही गट 'क' आणि गट 'ख'. मी हे लेखात लिहिले असते तर संपादकाने उपहास जरा भडक आहे असा शेरा मारला असता. वास्तवाला संपादक नसतो.

चार वाजले. सव्वाचार वाजले. बिना लुयांडो उठून अंगणात येरझारा घालू लागली. नामूंगाबाई म्हणाल्या, "ताई, चालल्यानं वीज येत असती तर मी इथून चोम्यापर्यंत चालले असते."

चार एकतीसला आत काहीतरी खणखणले आणि बर्फयंत्रे घरघरू लागली. आम्ही धावलो. वायर खुपसली. यंत्र सुरू व्हायला सहा मिनिटे गेली. फुली नाहीशी झाली नाही, पण पोर्टल उघडले. वायरीने तिचे काम केले होते. सहीचा प्रोग्रॅम उघडला, पासवर्ड मागितला. मी एक अक्षर दाबले की ते पडद्यावर उमटायला सेकंद-दीड सेकंद लागे, आणि आपण नक्की काय दाबले ते तोवर आठवत नसे. दोनदा चुकले. तिसऱ्यांदा घेतले. चार त्रेचाळीस.

मी बासष्ट पानांची फाइल जोडली. एक निळी पट्टी उमटली आणि सरकू लागली. चार पंचेचाळीसला ती सहा टक्क्यांवर होती, अठ्ठेचाळीसला अकरा. मी नकाशे मोठ्या आकारात घेतले होते, थडग्यांची रेघ न् रेघ दिसावी म्हणून. बिना लुयांडोने हामवेम्बाला फोन लावून माझ्या कानाशी धरला.

"किती आहे?" त्याने विचारले.

"अकरा."

"नाही पोचणार. फाइल सोडून दे, मुदाला. फाइल सक्तीची नाही. वरचा रकाना तेवढा सक्तीचा आहे. तो भर आणि पाठव."

वरचा रकाना मी सोमवारी पाहिला होता आणि हसण्यावारी नेला होता. 'हरकतीचे कारण थोडक्यात.' कमाल तीनशे अक्षरे.

मी फाइल काढून टाकली. काढून टाकायलाही यंत्राने एक मिनिट घेतले आणि खात्री आहे का असे विचारले. मग मी इंग्रजीत लिहू लागलो: 'सन १९५८ मधील सक्तीच्या स्थलांतरानंतर तत्कालीन प्रशासनाने सदर भूभागावर'. इतके झाले तेव्हा मी पाहिले की तीनशेतली पाऊणशे अक्षरे संपली आहेत आणि मी अजून काहीच म्हटलेले नाही. चाळीस वर्षांत मी बहुधा हेच करत आलो होतो. घड्याळात चार एकावन्न.

"काय लिहिलंस?" बिना लुयांडोने विचारले.

मी वाचून दाखवले.

"हे त्यांना माहीत आहे," ती म्हणाली. "त्यांनीच केलंय ते. त्यांचं म्हणणं काय आहे? टेकडी रिकामी आहे. हो ना? मग तिथे कोण आहे ते लिही."

"कोण म्हणजे?"

"नावं लिही."

मी लिहिलेले खोडले. ती माझ्या मागे उभी राहिली आणि दरवर्षी पेरणीआधी ठाण्यावर घेते त्याच आवाजात, त्याच चालीत तिने नावे घ्यायला सुरुवात केली. पुरले त्या क्रमाने. हाचिपुका. मुलेया. नाचिबिंगा. सियाजिंगा आणि त्याचे जुळे, ज्यांना एकच नाव होते; ते तिने दोनदा घेतले. मी दाबत होतो आणि अक्षरे माझ्यामागून येत होती. मुन्येन्येम्बे. केवढे लांब नाव, मी मनात म्हणालो. माणूस आठ महिन्यांचा होता आणि नावाने रोमन लिपीत अकरा अक्षरे खाल्ली. चार त्रेपन्न. बारावे नाव, तेरावे. नामूंगाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी हातातला पुठ्ठा खाली ठेवला.

विसाव्या नावाला मी मोजले. रकान्याच्या कोपऱ्यात उरलेल्या अक्षरांचा आकडा उतरत होता: सत्त्याऐंशी. नावे उरली होती अकरा. आई तिसावी.

"सगळी मावणार नाहीत," मी म्हणालो. "आता आईचं घालतो. मग उरतील ती."

"आई तिसावी आहे."

"तोवर जागा संपेल, बिना लुयांडो."

"संपू दे."

"तू ऐक. ते कोणी क्रम बघणार नाहीत. निदान तिचं नाव तरी—"

"तिला पाहिलेलं मला आठवत नाही," ती म्हणाली. "मला ती फक्त तिसावी म्हणून ठाऊक आहे. एकोणतीस जणांना ओलांडून मी तिला पुढे आणली, तर ते एकोणतीस जण तिला काय म्हणतील? लिही. एकविसावा हामालाम्बो."

चार छप्पन्न. मी हामालाम्बो लिहिला. त्यानंतरचे सहा लिहिले. अठ्ठाविसावे नाव हाबान्यामा होते, आमच्या लॉरीच्या मागच्या फळीवर बसून सबंध वाट गात आलेला म्हातारा. 'हाबा' एवढे उमटले आणि आकडा शून्यावर आला. मी पुढचे अक्षर दाबले. ते आले नाही. पुन्हा दाबले. यंत्राचा मंदपणा असेल म्हणून दोन श्वास थांबलो. यंत्राचा दोष नव्हता.

"एखादं खोडून त्याचं पुरं करू का?"

"कुणाचं खोडणार?" तिने विचारले.

चार अठ्ठावन्नला मी 'पाठवा' दाबले. चाक फिरत राहिले. पडदा पांढरा झाला आणि मला वाटले की संपले. मग रेघेरेघेने, वरून खाली, पोच उमटली. हरकत क्रमांक सात. दाखल वेळ १६:५९. जोडपत्रे: नाहीत. कारण: नमूद. त्याखाली बारीक अक्षरांत लिहिले होते की निर्णय कामाच्या साठ दिवसांत कळवला जाईल आणि तो याच यंत्रावर, याच सिस्टिममधून, याच सहीने उघडता येईल. यंत्रात बदल झाल्यास हरकत मागे घेतली असे समजण्यात येईल.

कोपऱ्यात लाल टिकली पुन्हा उगवली होती. आणखी एक नवे अपडेट, आज रात्री आपोआप.

"गेली का?" हामवेम्बाने फोनवरून विचारले.

"गेली. टिकली परत आली आहे."

"वायर काढ. आत्ताच काढ. आणि मी येईपर्यंत ते चालू करू नका."

मी वायर उपसली. साठ दिवस त्याला जगवायचे, रोज सात तासांच्या विजेवर, ज्या इंटरनेटने ते मरू शकते त्याच इंटरनेटवर त्याला निकाल आणायला पाठवायचे. आणि जो अधिकारी हरकत क्रमांक सात उघडेल, त्याला साडेसत्तावीस नावांची एक यादी दिसेल, आगापिछा नसलेली. तो ती काय समजेल? बहुधा हरकतदारांची यादी समजेल, आणि त्यांना पत्ता विचारणारे पत्र काढील.

"ताई, पाणी घ्या," नामूंगाबाई म्हणत होत्या.

बिना लुयांडोने हाताने त्यांना थांबवले. ती अंगणात गेली होती, तारांखाली, टेकडीच्या दिशेला तोंड करून, बर्फाच्या पाण्यात पाय. म्हणायला घेतलेली नावे मध्येच टाकता येत नाहीत. हाबान्यामा, ती म्हणाली, अख्खा. मग एकोणतिसावे नाव. मग मुकांझुबो, आमची आई, थांबा न घेता, इतरांच्याच आवाजात. मग एकतिसावे. मग ती वळली आणि परतीच्या लॉरीत जागा आहे का ते विचारायला फाटकाकडे चालू लागली.